आयलंडर, टीव्ही पाल आणि मंडळी: माकाफेरीची प्लास्टिकची युकुलेले ओळखायची, घ्यायची आणि वाजती करायची कशी

अमेरिकेतल्या जुन्या सामानाच्या दुकानांत तपकिरी अंगाचं, फिकट पिवळसर तबलीचं (म्हणजे वरच्या, आवाज घुमवणाऱ्या पाटीचं), चार तारांचं एक छोटंसं प्लास्टिकचं वाद्य हमखास दिसतं. विकणारा त्याला खेळणं म्हणतो, घेणारा शोकेसमध्ये ठेवायला घेतो, आणि ते सुरात लावून बघायचं दोघांपैकी कुणाच्याच मनात येत नाही. लावून बघितलं तर कळतं, की फ्रेट, म्हणजे मानेवरच्या आडव्या पट्ट्या, जिथे असायला हवेत तिथेच आहेत, बाराव्या फ्रेटपर्यंत सूर सरळ चढतो, आणि आवाजाला लाकडाची ऊब नसली तरी तो स्वच्छ आहे. आज ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या कित्येक लाकडी युकुलेलेंबद्दल एवढंही म्हणता येत नाही.

हे वाद्य म्हणजे आयलंडर. ते आणि त्याची टीव्ही पाल, युकेट, प्लेट्यून अशी भावंडं न्यूयॉर्कमध्ये मारिओ माकाफेरीच्या कारखान्यात बनली. कारखाना विकला गेला त्याला अर्धशतक उलटून गेलं. वाद्यं मात्र अजून फिरताहेत. कुणाकडे असं एखादं आलं असेल, किंवा अमेरिकेतल्या नातेवाइकांकरवी मागवायचं असेल, त्यांच्यासाठी हा लेख. पुढच्या सगळ्या सूचना एकाच गोष्टीतून निघतात: हे वाद्य पॉलिस्टायरिन या प्लास्टिकचं आहे. लाकडी वाद्यांना लागलेल्या सवयी, म्हणजे तेल, पॉलिश, थिनर, कचकचून पिळलेली खुंटी, इथे चालवल्या की ते कायमचं बाद होतं.

आधी कर्ता, मग वाद्य

माकाफेरी प्लास्टिकवाला म्हणून जन्मला नव्हता, म्हणून त्याची ओळख आधी. 1900 साली इटलीतल्या बोलोन्याजवळच्या चेंतो गावात जन्म. अकराव्या वर्षी लुइजी मोझ्झानी या वाद्यकाराकडे उमेदवारी. पुढे मैफली करणारा शास्त्रीय गिटारवादक. पॅरिसच्या सेल्मर कंपनीसाठी त्याने आखलेली गिटार 1932 मध्ये बाजारात आली. जॅझ गिटारवादक जँगो रेनहार्टच्या हातात जगाने पाहिली ती याच घराण्यातली. सेल्मरशी त्याचं वर्षा-दीड वर्षातच बिनसलं, त्याच सुमारास हाताला इजा होऊन मैफलीही थांबल्या, आणि तो क्लॅरिनेट-सॅक्सोफोनच्या रीड, म्हणजे फुंकल्यावर थरथरणाऱ्या पातळ पट्ट्या, बनवण्याकडे वळला.

1939 मध्ये युद्धाच्या तोंडावर तो न्यूयॉर्कला आला. रीडसाठी लागणारा बोरू फ्रान्सहून यायचा. युद्धात तो बंद झाला, तेव्हा याने प्लास्टिकची रीड काढली. मग कपडे वाळत घालायचे प्लास्टिकचे चिमटे, मग भिंतीच्या टाइल्स. म्हणजे 1949 मध्ये आयलंडर आलं तेव्हा त्यामागे एका हाताला उस्तादाकडे शिकलेली वाद्यविद्या होती आणि दुसऱ्या हाताला साच्यात प्लास्टिक ओतायचा कित्येक वर्षांचा सराव. आकार घेतला मार्टिन कंपनीच्या सोप्रानो, म्हणजे नेहमीच्या लहान आकाराच्या, युकुलेलेवरून, प्लास्टिक डाऊ केमिकलचं स्टायरॉन (पॉलिस्टायरिनचंच व्यापारी नाव), तारा नायलॉनच्या, किंमत 5 डॉलर 95 सेंट. त्याच काळात आर्थर गॉडफ्रे हा रेडिओ-टीव्हीवरचा लाडका सूत्रधार युकुलेले वाजवून घराघरांत पोचला होता. 1950 मध्ये तर सीबीएसवर तो युकुलेले शिकवतही असे. त्याने आयलंडरचं कौतुक केलं आणि मागणी अशी उसळली, की माकाफेरीच्या सगळ्या प्रकारांची मिळून एकूण विक्री 90 लाखांच्या घरात गेल्याचं सांगितलं जातं.

फ्रेट साच्यातच पडलेले असल्यामुळे एकदा साचा अचूक कोरला की पुढचा प्रत्येक नग तितकाच अचूक निघायचा. लाकडी वाद्यात हे काम दर नगाला नव्याने करावं लागतं. माझ्या मते आयलंडरचं खरं मोल इथे आहे, जुनेपणात नाही.

घराण्यातली नावं

आयलंडर सोप्रानो हे मूळ आणि माझ्या लेखी सगळ्यात चांगलं. त्याच्याच वरच्या पायरीवर सजावट वाढवलेली सेमी-डिलक्स आणि डिलक्स आहेत. आवाजासाठी जास्तीचे पैसे त्यांना देऊ नयेत; रूप आवडलं तर गोष्ट वेगळी.

टीव्ही पाल हे स्वस्तातलं, मुलांसाठी काढलेलं भावंड. टीव्हीचं वेड अमेरिकेत शिगेला पोचलं होतं, त्यावरून नाव. अंगाने ते आयलंडरपेक्षा साधं, पण सुरात लागतं. ज्याला पहिलंच जुनं प्लास्टिक घ्यायचंय आणि दुरुस्तीवर हात बसवायचाय, त्याने टीव्ही पालपासून सुरुवात करावी. बिघडलं तरी जीव हळहळत नाही.

युकेट म्हणजे सोप्रानोहूनही लहान. मोठ्या माणसाची बोटं तिथे गर्दी करतात. युकेटचाच एक अवतार स्पार्कल प्लेंटी या नावाचा. डिक ट्रेसी या चित्रमालिकेतल्या बाळाच्या नावाने काढलेला. यात मोल चित्राचं. चित्र उडालेलं असेल तर ती नुसती युकेट.

प्लेट्यूनच्या ज्युनिअर आणि सीनिअर अशा दोन जाती दिसतात, त्या खेळण्याकडे झुकणाऱ्या. बॅरिटोन आयलंडर मात्र भारदस्त प्रकरण आहे: आकाराने मोठं आणि गिटारच्या पातळ बाजूच्या चार तारांप्रमाणे डी-जी-बी-ई लावायचं. ज्यांना गिटार येते त्यांना नवीन काही शिकावं लागत नाही. 1964 च्या सुमारास मॅस्ट्रो या माकाफेरीच्याच दुसऱ्या नावाने बीटल्सची चित्रं छापलेली खेळण्यातली गिटारही निघाली. तो संग्राहकांचा बाजार आहे, किमती भलत्याच चढलेल्या आणि नकलाही फिरतात. वाजवणाऱ्याने तिकडे फिरकू नये.

एक जोडउपकरणही भेटेल: कॉर्ड मास्टर. मानेवर बसवायची बटणांची डबी. एक बटण दाबलं की आतले पाय बरोबर त्या फ्रेटवर तारा दाबतात आणि कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा सुरांचा गट, तयार. शिकण्याच्या दृष्टीने निरुपयोगी, पण बघायला फार गमतीशीर. डबी रबरबँडने बांधलेली असेल तर आधी ती सोडवा. का, ते पुढे येईल.

माकाफेरीने 1953 मध्ये मोठी प्लास्टिकची गिटारही काढली. तिच्यावर त्याचा जीव होता, पण ती चालली नाही.

ओळख पटवताना

नाव आधी हेडस्टॉकवर, म्हणजे मानेच्या खुंट्या असलेल्या टोकावर शोधा, मग हेडस्टॉकच्या पाठीवर, मग मोबाईलचा टॉर्च मधल्या भोकातून आत टाकून. कर्त्याची दोन नावं भेटतात. सुरुवातीच्या नगांवर फ्रेंच अमेरिकन रीड्स मॅन्युफॅक्चरिंग कंपनी, नंतरच्यांवर मॅस्ट्रो. दोन्ही माकाफेरीचीच. रीड बनवणाऱ्या कंपनीचं नाव युकुलेलेवर पाहून गोंधळू नका. उलट ते दिसलं तर नग पहिल्या काही वर्षांतला समजायला हरकत नाही.

तिसरं नाव कार्निव्हल. 1969 मध्ये माकाफेरीने हा धंदा विकला आणि साचे कार्निव्हलकडे गेले. त्यामुळे कार्निव्हलचा शिक्का असलेलं एखादं वाद्य अंगलटीने हुबेहूब मॅस्ट्रोचं वाटतं. विकणारा ते ‘जुनं आयलंडर’ म्हणून खपवत असेल तर शिक्क्याचा फोटो मागा.

एमिनी आणि लापिन ही त्याच काळातली वेगळी घराणी. एमिनीच्या एका युकुलेलेवर तर खुद्द गॉडफ्रेचं नाव आहे, त्यामुळे ‘गॉडफ्रेवालं म्हणजे आयलंडर’ हा हिशोब चुकतो. गॉडफ्रेने कौतुक केलं ते एक वाद्य, त्याचं नाव छापलं ते दुसरं.

घेण्याआधीची तपासणी

प्रत्यक्ष हातात असेल तर पाच मिनिटं पुरतात. समोर नसेल तर हेच फोटो विकणाऱ्याकडून मागवायचे.

पहिली नजर खुंट्यांच्या भोकांवर. हेडस्टॉकला चार भोकं, प्रत्येकातून खुंटी गेलेली, आणि सत्तर वर्षं कुणीतरी ती पिळत आलेलं. चीर जाते ती इथून. भोकापासून कडेपर्यंत केसासारखी बारीक रेघ असेल, तर तारेचा ताण बसल्यावर ती उघडणार हे धरून चाला. हेडस्टॉकचा तुकडाच उडालेला असेल तर वाद्य सोडून द्या, फुकट मिळत असलं तरच सुट्या भागांसाठी घ्या.

दुसरी नजर घोडीवर, म्हणजे तबलीवर तारा टेकतात त्या पट्टीवर. घोडीच्या मागे तबली फुगली आहे का, पुढे बसली आहे का? मोबाईलच्या कॅमेऱ्याने तबलीच्या पातळीत, आडवा फोटो घ्या. डोळ्याला न दिसणारा बाक फोटोत दिसतो. थोडा बाक चालतो. घोडी पुढे कलंडलेली असेल तर नाही.

तिसरी तपासणी मला सगळ्यात आवडते. खोलीत अंधार करा, पेटता टॉर्च भोकातून आत धरा आणि बाहेरून बघा. फिकट तबलीतून उजेड झिरपतो आणि एरवी लपलेल्या चिरा चकाकत्या रेघा होऊन उठून दिसतात. तबली आणि बाजू यांचा सांधा कुठे सुटलाय तेही इथेच कळतं, तिथून उजेडाची धार बाहेर येते. सुटलेला सांधा ही वाईट बातमी नाही. तो नीट चिकटतो, आणि विकणारे मात्र ‘फुटलेलं’ समजून भाव उतरवतात. अशा वेळी घ्यावं.

चौथी गोष्ट डाग. कुठे पृष्ठभाग वितळल्यासारखा, खळगा पडलेला आणि चिकट दिसला तर त्या जागी वर्षानुवर्षं रबर किंवा मऊ व्हिनाइल टेकलेलं होतं. मऊ व्हिनाइलमधलं प्लास्टिसायझर (त्याला मऊ ठेवणारं रसायन) हळूहळू पॉलिस्टायरिनमध्ये उतरतं आणि त्याला खातं. जुनं रबरही असाच उपद्रव करतं. कॉर्ड मास्टरचे रबरबँड सोडा म्हटलं ते यासाठी. असा खळगा मानेच्या मागे असेल तर वाजवताना अंगठ्याला सतत जाणवतो. अंगावर असेल तर काही बिघडत नाही.

शेवटी खुंट्या चारही आहेत का मोजा. एक कमी असेल तर तशीच दुसरी मिळवणं कटकटीचं असतं. मूळ खोका आणि त्यातली पुस्तिका असेल तर किंमत वाढते; वाजवणाऱ्याला तिचा उपयोग नाही.

मागवणं

साधं आयलंडर अमेरिकेत बहुधा दोन आकडी डॉलरांत मिळतं. भारतात कुरियरने मागवलं तर पाठवणी आणि कस्टम्स मिळून वाद्याच्या किमतीपेक्षा जास्त पैसे जाऊ शकतात. त्यापेक्षा न्यू जर्सीतल्या मावसभावाला किंवा कॅलिफोर्नियातल्या मैत्रिणीला गळ घालणं बरं. तिकडच्या मंडळींना गॅरेज सेल आणि जुन्या सामानाची दुकानं हाताशी असतात, आणि टॉर्चची तपासणी व्हिडिओ कॉलवर होते. सोप्रानो साधारण 21 इंच लांब, म्हणजे केबिन बॅगेत तिरकं मावण्याजोगं. चेक-इनच्या बॅगेत अजिबात नको. आणखी एक सोय: जुन्या लाकडी वाद्यांत कधी ब्राझिलियन रोजवुड निघतं आणि संरक्षित लाकडाच्या परवान्यांचा घोळ होतो. इथे लाकडाचा प्रश्नच नाही.

बांधताना तारा सैल करायच्या, पण पूर्ण काढायच्या नाहीत. सुती कापडात गुंडाळायचं. जुना सुती टीशर्ट उत्तम. मऊ व्हिनाइलची पिशवी, रेक्झिनचं कव्हर, रबराची पट्टी यांपैकी काहीही थेट टेकू द्यायचं नाही. मान आणि हेडस्टॉकच्या मागे कापडाची घडी, म्हणजे दाब आला तर मानेच्या मुळाशी येणार नाही.

धुणं-पुसणं

पॉलिस्टायरिन म्हणजे काय हे आपल्याकडे समजावून सांगायची गरज नाही. 2018 च्या बंदीआधी गणपतीची मखरं ज्या थर्माकोलची व्हायची, तो फुगवलेला पॉलिस्टायरिनच. थर्माकोलवर नेलपॉलिश रिमूव्हर सांडलं की काय होतं ते ज्याने पाहिलंय, त्याला या वाद्याजवळ काय आणायचं नाही हे आपोआप कळेल: ॲसिटोन, थिनर, पेट्रोल, स्टिकर काढायचे स्प्रे. संत्र्या-लिंबाच्या सालीचं तेलही याच यादीत. थर्माकोलवर संत्र्याची साल पिळून बघा. त्यामुळे ‘नैसर्गिक’ म्हणून विकले जाणारे संत्र्याच्या वासाचे क्लीनरही वर्ज्य. लाकडी वाद्यांसाठीच्या लेमन ऑइलचं तेच.

मग वापरायचं काय? कोमट पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब, मऊ सुती फडकं. फडकं घट्ट पिळून पुसायचं, वाद्य नळाखाली धरायचं नाही. आत पाणी गेलं तर खुंट्यांचे स्क्रू गंजतात आणि छापील नावं सुटतात. छापील नावावर फडकं नुसतं टेकवून उचलायचं, घासायचं नाही. फ्रेटच्या कोपऱ्यांत साचलेला काळा मळ लाकडी टूथपिकने निघतो. धातूचं टोक नको, ओरखडा कायमचा राहतो.

पिवळेपणा धुऊन जात नाही. उन्हातल्या अतिनील किरणांनी प्लास्टिकच पिवळं पडलेलं असतं. तो घालवायचे रासायनिक उपाय लोक सांगतात. मी त्यांच्या वाटेला जाऊ नये असंच म्हणेन. बारीक ओरखडे प्लास्टिकच्या पॉलिशने, किंवा काहीच नसेल तर साध्या पांढऱ्या टूथपेस्टने, गोलगोल हात फिरवत कमी होतात. जोर लावून एकाच जागी घासलं तर घर्षणाने प्लास्टिक मऊ पडून धूसर होतं.

सुटलेला सांधा चिकटवणं

इथे घाई करू नका. हेच काम वाद्य वाचवतं किंवा घालवतं.

फेविकॉल चालणार नाही. प्लास्टिकला तो धरतच नाही. फेविक्विक धरतं, पण त्याचा सांधा कडक आणि ठिसूळ होतो, भोवती पांढरी पूड धरते आणि पहिल्या धक्क्याला पुन्हा सुटतो. पुढे कधी नीट करायचं म्हटलं तर आधी तो थर खरवडत बसावं लागतं. दोन भागांचं एपॉक्सी बसतं, पण जाड थर देऊन. सांध्यासाठी योग्य वस्तू एकच: विमानं-रणगाड्यांची प्लास्टिक मॉडेल जोडणारे वापरतात ते पातळ पॉलिस्टायरिन सिमेंट. हॉबी दुकानांत किंवा ऑनलाइन बाटली मिळते, झाकणालाच बारीक ब्रश असतो. ते चिकटवत नाही, दोन्ही कडा किंचित विरघळवून एकजीव करतं. म्हणूनच ते ताकदवान आहे आणि म्हणूनच एक थेंब तबलीवर सांडला तर तो डाग जन्माचा.

तारा पूर्ण काढून घ्या. सुटलेल्या फटीतून कागदाची पट्टी फिरवून धूळ काढा. आधी कुणी गोंद लावला असेल तर तो लाकडी काडीने खरवडा. प्लास्टिकला प्लास्टिक भिडलं पाहिजे, मध्ये दुसरं काही असेल तर सिमेंट काम करत नाही. मग कोरडंच बसवून बघा. बोटाच्या हलक्या दाबाने फट मिटायला हवी. जोर लावावा लागत असेल तर तबली वाकलेली आहे, आणि जोराने चिकटवलेला सांधा शेजारच्या जागी चीर पाडून हिशोब चुकता करतो. अशी जागा अर्धी उघडी राहिली तरी चालेल.

फट मिटत असेल तर दर दोन बोटांच्या अंतरावर मास्किंग टेपची पट्टी ताणून लावा, म्हणजे कडा एकमेकींवर टेकतील. पट्टी छापील चित्रावर येऊ देऊ नका. आता खिडकी उघडा, पंखा लावा. या सिमेंटची वाफ चांगली नव्हे. ब्रश बाटलीच्या तोंडावर निथळून घ्या, आणि दोन टेपांच्या मधल्या फटीवर त्याचं टोक नुसतं टेकवा. सिमेंट आपणहून फटीत ओढलं जातं. रेघ ओली होऊन पुढे सरकताना दिसते. ती थांबली की पुढच्या जागी. टेपच्या खाली सिमेंट जाऊ द्यायचं नाही, नाहीतर ते टेपखाली पसरून डाग पाडतं. मोकळ्या जागा झाल्या की अर्ध्या तासाने टेप हळूच काढून उरलेल्या जागा.

मग हात काढून घ्यायचा. पृष्ठभाग मऊ असताना बोट लागलं तर बोटाचा ठसाच उमटतो. किमान 24 तास वाद्य आडवं राहू द्या. तारा दोन दिवसांनी.

तबलीतली चीर याच पद्धतीने भरते, पण तिला आतून आधार लागतो. आर्किटेक्चरचे विद्यार्थी मॉडेलसाठी वापरतात तो अर्धा मिलिमीटर जाडीचा पॉलिस्टायरिन शीट घ्या, चिरेपेक्षा थोडी लांब पट्टी कापा. तिच्या एका बाजूला छोटं चुंबक टेपने लावा, दुसऱ्या बाजूला सिमेंट, आणि भोकातून आत नेऊन चिरेखाली धरा. बाहेरून दुसरं चुंबक टेकवलं की पट्टी जागच्या जागी दाबून बसते. बाहेरच्या चुंबकाखाली कागदाची घडी ठेवा. ताकदीची चुंबकं एकदम सोडू नका. ती ज्या वेगाने एकमेकांकडे झेपावतात, त्यात नवी चीर पडायची.

वाकलेली मान गरम पाण्याने किंवा हेअर ड्रायरने सरळ करायचे सल्ले भेटतील. पॉलिस्टायरिन 100 अंशांच्या थोडं अलीकडे मऊ पडतो, आणि ताणाखाली असेल तर त्याच्याही बरंच आधी. नेमकी मानच सरळ होईल आणि बाकीचं वाद्य जागचं हलणार नाही, हे कुणाच्या हातात नाही. वाकलेल्या मानेचं वाद्य शोकेसला.

खुंट्या

या खुंट्यांना दातेरी चक्र नाही, नुसत्या घर्षणावर तार धरून ठेवतात. खुंटीच्या टोकाला छोटा स्क्रू दिसतो; तो आवळला की घर्षण वाढतं. तार सटकत असेल तर स्क्रू पाव फेरा आवळा, तार लावून बघा, लागला तर आणखी पाव. एका दमात आवळू नका. स्क्रूचा सगळा जोर हेडस्टॉकच्या प्लास्टिकवर येतो आणि वर सांगितलेल्या चिरा अशाच जन्मतात. खुंटी फिरवताना करकर आवाज येत असेल तर ती काढून पुसा आणि पुन्हा बसवा. तेलाचा थेंबही नको. घर्षण गेलं की खुंटी कामातून गेली.

तारा आणि सूर

साधा नायलॉनचा सोप्रानो संच घ्या. धातूची तार कुठल्याही परिस्थितीत नाही, एक दिवससुद्धा नाही. जुनी तार काढण्याआधी घोडीपाशी ती कशी अडकवली आहे याचा फोटो काढा आणि नवी तशीच अडकवा.

लावायचं जी-सी-ई-ए. पेटी येणाऱ्यांसाठी सोपं: पांढरी एक सा धरला तर प, सा, ग, ध, सगळे एकाच सप्तकातले. चौथी तार खर्जातली नाही, ती सा आणि ग यांच्या वर आहे. नवशिके हमखास ती एक सप्तक खाली शोधतात. उलटं, म्हणजे वरच्या सप्तकात नेऊन तोडणारेही आहेत. 1950 च्या आसपासच्या अमेरिकी पुस्तिकांत ए-डी-एफ शार्प-बी दिसेल. ते हेच प-सा-ग-ध, फक्त पांढरी दोनमध्ये. आवाज अधिक चमकदार येतो, पण त्याच तारांवर ताण सुमारे 26 टक्क्यांनी वाढतो. जुन्या, दुरुस्त केलेल्या वाद्याला मी पांढरी एकच्या वर नेणार नाही.

चारही तारा आधी सैलसर लावा, मग प्रत्येक थोडी थोडी वर आणत चौघींना एकत्र सुरात न्या. नवा नायलॉन ताणत राहतो. पहिले काही दिवस दर गाण्यानंतर सूर उतरलेला असणार, त्यात वाद्याचा दोष नाही. मग ट्यूनरवर बघा: मोकळी तार आणि बाराव्या फ्रेटला दाबलेली तीच तार, बरोबर सप्तकाचं अंतर हवं. आयलंडरमध्ये ते बहुधा मिळतं. एकाच तारेत फरक येत असेल तर तार बदलून बघा. चारही तारांत बाराव्याचा सूर चढा येत असेल तर मान किंवा तबली वाकली आहे.

एखाद्या फ्रेटवर खरखर येत असेल तर तिथे तारेने खाच पाडलेली असेल. फ्रेट प्लास्टिकचे, बदलता येत नाहीत. शेजारचे कानशीने घासून समान करायचा मोह टाळा. तार घोडीपाशी खालून किंचित उचलली गेली तर खरखर जाते, म्हणून घोडीवर तारेखाली कागदाची बारीक घडी पुरते.

ठेवायचं कुठे

एका बाबतीत हे वाद्य आपल्या हवेला लाकडापेक्षा मानवतं. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात लाकडी वाद्य फुगतं, सांधे बोलायला लागतात, घोडी उचलते. आयलंडरला दमटपणाशी घेणंदेणं नाही. शत्रू ऊन. नागपूरच्या मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर तारा चढवलेलं आयलंडर दुपारभर ठेवलं तर संध्याकाळी मान वेगळ्या दिशेला बघत असेल. खिडकीतल्या उन्हाने पिवळेपणा वाढतो. भिंतीवर टांगायचं तर खुंटाळ्याला रबराचं वेष्टन नसावं, असेल तर त्यावर सुती पट्टी गुंडाळा. कव्हर कापडी. रोज वाजत नसेल तर तारा एक-दोन सूर उतरवून ठेवा.

आणि बाद झालेला टीव्ही पाल फेकू नका. खुंट्या, स्क्रू काढून डबीत ठेवा. अंगाचे बारीक तुकडे करून काचेच्या बाटलीत थोड्या सिमेंटमध्ये टाका. रात्रीत विरघळून त्याच तपकिरी रंगाची लापशी तयार होते. दुसऱ्या आयलंडरच्या कडेला उडालेला टवका भरायला तीच कामाला येते. टूथपिकने थोडी जास्तच भरा, कारण वाळताना बसते; आठवडाभर कडक होऊ द्या, मग पाण्यात भिजवलेल्या 1000 आणि नंतर 2000 नंबरच्या पॉलिश पेपरने सपाट करा.